पेटी-तबल्यासाठी व्हॉइस नोट नको

फोनवर पेटी-तबला रेकॉर्ड करण्याबद्दलच्या लेखातला 'फोन पेटीवरच ठेवा' हा सल्ला पटला नाही. भात्याचा फुसफुसाट आणि पट्ट्यांची खटखट सुरांच्या आधी ऐकू येते. दोन-अडीच फुटांवर वेगळं स्टूल, त्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर फोन. पंखा बंद. साथीला तबला असेल तर फोन डग्ग्यासमोर नको. घुमारा फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर व्हॉल्यूम कमी करून सुधारत नाही. तानपुरा अ‍ॅप हेडफोनमध्येच ऐका, म्हणजे नंतर साथ जोडणाऱ्या दुसऱ्या गावच्या तबलजीला नुसती पेटी मिळते. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकू नका हो! ती बोलण्यापुरती दाबलेली असते, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, वाजणाऱ्या 'ना' या बोलाची धारच जाते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशी न दाबलेली वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी भरते; ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.