चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपवर खर्च करावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे दहा वर्षांहून जुन्या डेस्कटॉपला एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि रॅम (चालू कामाची मेमरी) लावा असं माझ्या आधीच्या लेखात सांगणं म्हणजे वाचकांचे पैसे पाण्यात घालणं आहे. त्यावर विंडोज ११ चालत नाही, डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम पुढच्या मशीनला बसत नाही, आणि उद्या मदरबोर्ड गेला की सगळंच गेलं.

रॅमच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'आठची सोळा जीबी करा' असं मी सरसकट लिहायला नको होतं. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४ किंवा डीडीआर५च्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे तो खर्च त्या मशीनबरोबरच संपतो. म्हणून विकत घेण्याआधी मोजणं भाग आहे. रोजचं काम तासभर चालू द्या आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी व डिस्क दोन्ही बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. रॅम कमी पडली की विंडोज पेजफाइलमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) लिहू-वाचू लागतं, तेव्हाही डिस्क तशीच तुंबलेली दिसते. फरक कळतो तो विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबवर. तिथे दर सेकंदाचे हार्ड फॉल्ट्स (रॅममध्ये न सापडलेलं डिस्कवरून आणावं लागण्याच्या वेळा) सतत शेकड्यांत राहत असतील आणि वापरातली मेमरी काठोकाठ भरली असेल, तर रॅम खरंच कमी आहे. आठपैकी पाच-सहा जीबीच वापरात असतील, तर रॅम वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

घ्यायचीच ठरली, तर इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपमध्ये एका खाचेत ८ जीबीपेक्षा मोठी पट्टी चालत नाही, म्हणजे दोन खाचांच्या बोर्डावर १६ जीबी ही कमाल मर्यादा. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पट्ट्या घेऊ नका. त्यांच्यातल्या चिपची मांडणी वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर स्क्रीन काळीच राहते. वापरलेली पट्टी असेल तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती परत करा.

एसएसडीबद्दल मात्र मी ठाम आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्डडिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यातली सरासरी अर्धी फेरी आणि हेड सरकण्याचा वेळ धरला, तर विखुरलेला एक तुकडा वाचायला साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. साधी साटा (हार्डडिस्कच्याच केबलने जोडली जाणारी) एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशोबात करते. मशीन सुरू होणं, ब्राउझर उघडणं ही अशाच बारीक वाचनांची कामं असतात. तिथे प्रोसेसर वाट बघत बसलेला असतो, त्याचं वय आड येत नाही. शिवाय अडीच इंची साटा एसएसडी काढून पुढच्या मशीनला लावता येते, कारण आजच्याही बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर साटा पोर्ट आहेत. मग पैसे पाण्यात कसे गेले? एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी वेगवान एसएसडी) मात्र या पिढीत टाळा. बहुतेक जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) त्यावरून बूट करता येत नाही.

बिघडतं ते बसवताना. बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) असेल तर तो एएचसीआय (नवी पद्धत) करावा लागतो, पण थेट बदलला की विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग प्रोग्रॅममधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या आणि मग सेफ बूटची खूण काढा. क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्याआधी, जुन्या डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेले तुकडे) शून्य नसेल तर क्लोनच्या फंदात न पडता डेटा लगेच दुसरीकडे काढा आणि विंडोज नव्याने टाका.

विंडोज ११चा मुद्दा मी मूळ लेखात टाळला, ती माझी चूक. अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून सुरू होते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची सुरक्षा अपडेट मिळतात. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी नसते, म्हणून ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्या मशीनसाठी मी ते सुचवणार नाही. काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये भागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स टाका. एखादा ठरावीक विंडोज प्रोग्रॅम लागतच असेल, तर फक्त एसएसडी घ्या आणि बाकीचे पैसे नव्या मशीनसाठी ठेवा.

मदरबोर्ड उद्या जाईल का, हे नेमकं सांगता येत नाही, पण खुणा तपासता येतात. मशीनवर भार असताना मल्टिमीटरने एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स या चार तारांच्या जोडावर पिवळ्या आणि काळ्या तारेमधला व्होल्टेज मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर आधी एसएमपीएस बदला. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये त्याचा मुख्य जोड नेहमीच्या चोवीस पिनांचा असेलच असं नाही, पिना मोजूनच घ्या. बोर्डावरच्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा तपकिरी गळती दिसली, तर त्या मशीनवर काहीच खर्च करू नका, इथे तुमचंच खरं. घड्याळ मागे जाणं हा मात्र सहसा फक्त बोर्डावरच्या छोट्या सीआर२०३२ सेलचा दोष असतो.

त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसणारा महागडा प्रोसेसर घेऊ नये, यावर आपलं एकमत आहे. ग्राफिक्स कार्डाबाबत एकच सावधगिरी : आरएक्स ६५०० एक्सटीसारखी काही कार्डं फक्त चार लेन (बोर्डाशी माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा) वापरतात, आणि या पिढीच्या बोर्डांवरच्या पीसीआय एक्सप्रेस ३.०वर त्यांची वाट अर्ध्याने अरुंद होते.

रॅमचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केलं आणि विंडोजचा परिच्छेद जोडला. तुमच्या मशीनचा बोर्ड कोणता, हार्ड फॉल्ट्स किती आणि पेंडिंग सेक्टर किती, एवढं कळवलंत तर त्या मशीनपुरतं नेमकं उत्तर देतो.