औषधांच्या बॅगा आणि नंतरचे महिने

अमेरिकन चर्चच्या गटांनी ग्वातेमालाच्या डोंगराळ गावांत घेतलेल्या आठवडाभराच्या आरोग्य शिबिरांचं एका लेखात कौतुक वाचलं. हेतूबद्दल शंका नाही, पण गाडी अडते ती औषधवाटपाच्या टेबलावर. तिथल्या अनेक बायकांना स्पॅनिशही नीट येत नाही, त्या किचे किंवा केकची या माया भाषा बोलतात. म्हणजे दोन दुभाषे लागतात, आणि 'दिवसातून तीनदा' वाटेतच हरवतं. पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्यावेत. मुलांच्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची कोरडी पावडर तशीच हातात ठेवू नये. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून, हलवून, पहिला डोस समोरच पाजावा. उरलेलं 14 दिवसांनी फेकायचं, हेही सांगावं. जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम एकदाच, एक ते दोन वर्षांच्या मुलांना निम्मी, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाहीच. संडास नसेल तर काही महिन्यांत जंत पुन्हा हजर!

सगळ्यात वाईट म्हणजे रक्तदाबाच्या तीस गोळ्या. एकतिसाव्या दिवशी काय? जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतं तेच औषध सुरू करावं, नोंद स्पॅनिशमध्ये लिहून द्यावी. आणि घरात पडलेली उरलीसुरली सॅम्पलं बॅगेत कोंबू नयेत. दान केलेलं औषध पोचताना किमान वर्षभर मुदतीचं असावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.