‘रोबोट कॅन्सर काढतो, चूक होत नाही’: या मेसेजमधले किती खरे?

अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा थोडक्यात असा: ‘आता रोबोट स्वतः ऑपरेशन करतो. चूक होत नाही, इतर सर्व पद्धतींपेक्षा सरस, चीर लागत नाही, केमो टळते, तिसऱ्या दिवशी पेशंट घरी. रोबोट नसेल तिथे ऑपरेशन करूच नका.’ गोंदिया-गडचिरोलीहून नागपूर गाठणारे नातेवाईक यावर विसंबून दवाखाना निवडणार असतील, तर एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘रोबोट स्वतः ऑपरेशन करतो.’ यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन कन्सोलवर (यंत्र चालवण्याच्या टेबलाशी) बसून हात हलवतो, तसे रोबोटचे हात हलतात. फायदे खरे आहेत: थरथर गाळली जाते, हत्याराचे टोक मनगटासारखे वळते, छातीतल्या अरुंद जागेचे चित्र मोठे आणि त्रिमितीय दिसते. पण टेबलाशी दुसरा सर्जन लागतोच. हत्यारे बदलणे, रक्त शोषून घेणे ही कामे त्याची.

‘चूक होत नाही.’ हे सर्वांत घातक वाक्य. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना स्पर्श कळत नाही. ताण डोळ्यांनी जोखावा लागतो, नाहीतर धागा तुटतो किंवा ऊती फाटते. तरी खरा धोका वेगळाच आहे. अन्ननलिका काढल्यावर जठराची ४-५ सेंटिमीटर रुंद नळी करून ती छातीत किंवा मानेत वर ओढतात. या नळीला रक्त मुख्यतः जठराच्या बाहेरच्या कडेने जाणाऱ्या एका धमनीतून मिळते. सर्वांत वरच्या टोकाला ते सर्वांत कमी पोचते आणि उरलेल्या अन्ननलिकेशी जोड नेमका तिथेच येतो. म्हणून तो गळू शकतो, मग टाके कुणीही आणि कशानेही घातलेले असोत. बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांत ताप, वाढलेली नाडी, ड्रेनमधून (आत साचलेले बाहेर काढणाऱ्या नळीतून) गढूळ स्राव अशी लक्षणे दिसतात. त्या वेळी रात्री-अपरात्री सीटी स्कॅन, एंडोस्कोपी आणि आयसीयू मिळते का, यावर जीव अवलंबून असतो. याशिवाय स्वरयंत्राच्या नसेजवळच्या लसिका गाठी (जिथे कॅन्सर पसरू शकतो) काढताना नस दुखावली, तर आवाज बसतो आणि पाणी पितानाही ठसका लागतो.

‘इतर सर्व पद्धतींपेक्षा सरस.’ तुलना कशाशी, ते पाहा. नेदरलँड्समधल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ८० टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, रोबोटिकमध्ये ५९ टक्क्यांना. मात्र जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले. चीनमधल्या ३५८ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) तुलना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी होती. तिथे ऑपरेशनचा वेळ वाचला, एकूण गुंतागुंतीत ठोस फरक पडला नाही.

‘केमो टळते.’ अगदी सुरुवातीचा आजार सोडला तर नाही. जठराचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला असेल, तर ऑपरेशनआधी आणि नंतर केमो देतात. फ्लॉट या चार औषधांच्या केमो पद्धतीत आधी ४ आणि नंतर ४ वेळा. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस प्रकारात (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये) आधी साधारण ५ आठवडे केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. (खर्रा घोटून खाणाऱ्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी यंत्राची चौकशी करण्याआधी ते सोडावे. बिडी ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी बंद केली तर फुप्फुसांचा त्रास बराच कमी होतो.)

‘चीर लागत नाही.’ छिद्रे साधारण ८ मिलिमीटरची असतात, पण काढलेला भाग बाहेर यायला काही सेंटिमीटरची चीर लागतेच.

‘तिसऱ्या दिवशी घरी.’ अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर सगळे सुरळीत गेले तरी बहुधा आठ-दहा दिवस धरून चालावे. अनेकांना आतड्यात घातलेल्या नळीतून आहार द्यावा लागतो. घरी गेल्यावर दिवसाला सहा वेळा थोडेथोडे खाणे, डोक्याकडची बाजू उंच करून झोपणे. पूर्ण जठर काढले असेल तर बी-१२ आयुष्यभर.

‘रोबोट नसेल तिथे करूच नका.’ त्यापेक्षा विचारा: हेच ऑपरेशन इथे वर्षाला किती होतात? जोड किती जणांचा गळला? जठराच्या ऑपरेशनमध्ये किमान १६ लसिका गाठी तपासल्या जातात का? या प्रश्नांवर टाळाटाळ झाली तर यंत्र कितीही महागडे असो, दुसरे मत घ्या. रोबोटची हत्यारे ठरावीक वापरांनंतर बाद होतात, त्यामुळे बिल वाढते. विमा पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी कमाल मर्यादा असू शकते. पॉलिसीतला तो आकडा भरती होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.