रकाने निवडा, शेताकडं बघू नका

ऊस उत्पादनावर रिग्रेशन, म्हणजे टनेज कशाकशानं वाढतं-घटतं याचं गणित, करायचंय? मग पहिलं पथ्य, शेतात जायचं नाही. चिखल लागतो.

रकाने मात्र सढळ हातानं घ्या. शेतकरी 36 आणि रकाने 22, झकास जमतंय. क्षेत्र एकरात घ्या, गुंठ्यातही घ्या. एकराचे 40 गुंठे होतात हे सॉफ्टवेअरला कळतं आणि ते दोनातला एक रकाना मुकाट काढून टाकतं. तुम्हीही मुकाट राहा. उरलेल्या 21 वर आर-स्क्वेअर (टनेजमधला किती फरक रकान्यांनी उलगडला ते, 0 ते 1 मध्ये) 0.72 आला की पेढे वाटा. त्या 21 रकान्यांत लॉटरीचे आकडे भरले असते तरी सरासरी 0.60 आलाच असता, हे पेढे खाणाऱ्याला सांगू नका. रकान्यांच्या गर्दीनं आलेली सूज उतरवलेला, म्हणजे अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर 0.30 दिसतोय? तो तक्ता परिशिष्टात.

आडसाली, सुरू (हे लागणीचे हंगाम), खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) ही नुसती नावं, त्यांना 1, 2, 3 असे आकडे द्या. तीन आडसाली म्हणजे एक खोडवा.

आता निवड. तिला डोकं लागत नाही, स्टेपवाइजचं बटण लागतं, ते पी बघून रकाने आपोआप ठेवतं-काढतं. पी म्हणजे काही संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून जास्त संबंध दिसण्याची शक्यता; 0.05 च्या आत आला की म्हणायचं 'सिग्निफिकंट'. गेल्या आठवड्यात रात्री दहाला एक पोरगं लॅपटॉप घेऊन दारात. "सर, तेवढं पी 0.05 च्या आत बसवून द्या, उद्या गाइडना पुन्हा दाखवायचंय." माहिती कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडची, 2019 च्या हंगामातली. बटणानं काय ठेवलं होतं? शेतकऱ्याच्या मोबाइलची कंपनी! पी 0.03. आणि काय काढलं होतं? उसात पुराचं पाणी किती दिवस उभं होतं तो रकाना. का, तर पी 0.07. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी 43. शेंड्यापर्यंत बुडालेला ऊस जागेवर कुजला, आणि ह्यांच्या मॉडेलात टनेज कशानं घटलं, तर सिमकार्डानं! गाइडही म्हणे, "सिग्निफिकंट आहे ना, मग राहू दे."

काय राहू दे? टनेजशी काडीचा संबंध नसलेले 20 रकाने तपासले तर सरासरी एक 0.05 च्या आत येणारच, तो आकडा त्याचसाठी तसा ठरवलाय. शंभरदा गाळून उरलेल्या रकान्याचा पी तर खराही नसतो, गाळलंय हे त्याला ठाऊकच नसतं. संख्याशास्त्रज्ञ फिशरनी 1925 साली 0.05 ही हद्द सोयीची म्हणून सांगितली, तुम्ही तिला अंबाबाईच्या गाभाऱ्याचा उंबरा केलात.

अरे मर्दा, 36 माणसांत 0.07 म्हणजे पाण्यानं ऊस कुजत नाही असं नव्हे, माणसं कमी पडली एवढंच. रकाने आकडे बघायच्या आधी ठरवायचे असतात, ऊस पिकवणाऱ्याला विचारून. चार-पाच पुरे. तुझा बाप ऊसच लावतो ना? त्याला विचारलंस? पाण्याचा रकाना परत घाल, पी काय यायचा तो येऊ दे. आणि ती मोबाइल कंपनी आधी खोड, माझ्यादेखत.