लॅपटॉप आधी उलटा करून बघा

"ताई, डेस्कटॉप काढून लॅपटॉप घ्यायचाय. आठ-दहा वर्षं बघायला नको. कुठला घेऊ?" सध्या हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. पुस्तकांच्या मांडणीचं काम घरून करते, म्हणून मला यातलं कळत असावं असा लोकांचा समज आहे. प्रश्न आत्ताच का येतोय तेही उघड आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळणार त्याही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. चांगली चालती मशिनं त्यामुळे एका फटक्यात बाद ठरली, याचा मला मनापासून राग आहे. तुमचं काम ब्राउझर, मेल आणि टायपिंगपुरतंच असेल तर आधी जुन्याच डेस्कटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) टाकून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, चढवून बघा. टॅलीवर किंवा श्रीलिपीसारख्या मराठी टायपिंगच्या विंडोज सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट आहे, त्यांना मात्र ती वाट नाही.

आता मूळ मुद्दा. डेस्कटॉप आपल्याकडे दहा-बारा वर्षं टिकला तो त्यातल्या भागांच्या उच्च दर्जामुळे नव्हे. तो टिकला कारण त्याचं काहीही बदलता यायचं. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) उडाला, नवा आणून बसवला. डिस्प्ले आला नाही की कॅबिनेटची बाजू उघडायची, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवायचं, परत दाबून बसवायची, की मशीन चालू. गल्लीतला पोरगा हे करायचा आणि चहावर भागवायचा. लॅपटॉप घेताना हाच गुण शोधा, असं माझं ठाम मत आहे. प्रोसेसरचा आकडा, स्क्रीनची चमक, वजन हे सगळं त्यानंतर.

म्हणून दुकानात लॅपटॉप हातात आला की झाकण उघडण्याआधी तो उलटा करा. खाली साधे स्क्रू दिसतात का? मग विचारा: रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉटमध्ये? ऑनबोर्ड म्हणजे मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. ती वाढवता येत नाही, आणि बिघडली तर गोष्ट अख्ख्या बोर्डावर जाते. स्लॉट असेल तर आज १६ जीबी घ्या, चार वर्षांनी वाढवा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढलेत ते पाहता ही मोकळीक मोलाची आहे. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी मशिनं असतात. लेनोवोच्या थिंकपॅड टी१४ या मॉडेलची २०२४ ची इंटेलवाली पाचवी आवृत्ती (जेन ५) घ्या: दोन रॅम स्लॉट. त्याच नावामागे एक 'एस' लागला, टी१४एस झाला, की रॅम सगळी सोल्डर. बिलावर येणारा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. लेनोवो, डेल, एचपी या तिघांचीही बिझनेस मालिकेसाठी, म्हणजे ऑफिसांसाठी बनवलेल्या मॉडेल्ससाठी, मशीन कसं उघडायचं याची सचित्र मॅन्युअल मोफत मिळतात. मॅन्युअल आहे, म्हणजे ते मशीन कुणीतरी उघडणार हे बनवणाऱ्यानं धरलेलं आहे.

कुणी म्हणेल, मॅकबुकचं काय? २०२० च्या नोव्हेंबरात आलेला एम१ एअर आजही छान चालतो, पंखाच नसल्यामुळे धुळीची कटकट नाही. पण रॅम आणि स्टोरेज जे पहिल्या दिवशी घ्याल तेच शेवटपर्यंत. ज्याला आपली गरज पक्की ठाऊक आहे आणि सुरुवातीलाच पैसे ओतता येतात, त्याने खुशाल घ्यावा.

हिंजबद्दल, म्हणजे झाकणाच्या बिजागरीबद्दल, कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर बोलते. रिपेअरवाल्याच्या टेबलावर उघडी पडलेली स्वस्त मशिनं बघा. स्क्रीनची बिजागरी असते लोखंडी, घट्ट. पण तिचे स्क्रू ज्या इवल्या पितळी नटांत बसतात, ते नट नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेले. आपण रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उचलतो, त्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक दोन-तीन वर्षांत फुटतं, नट उपटून येतो आणि स्क्रीन एका बाजूनं फाकते. आतलं सगळं ठणठणीत असताना मशीन भंगारात. कोल्हापुरात माझ्या ओळखीचे एक काका अशा कोपऱ्यांत एम-सील भरून नट परत बसवतात. ते टिकतंही, पण साठ हजारांच्या वस्तूवर ही वेळ का यावी? दुकानात एका बोटानं झाकण उघडून बघा, कोपरा दाबून बघा, लवतो का ते कळतं.

बॅटरीचं गणित डेस्कटॉपवाल्यांसाठी वेगळं आहे. तुमचा लॅपटॉप टेबलावर दिवसभर चार्जरलाच राहणार. लिथियम-आयन बॅटरीला कायम शंभर टक्क्यांवर आणि वर गरम ठेवलं की ती लवकर म्हातारी होते, कधी फुगते आणि टचपॅड खालून उचलला जातो. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन चालू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. पहिल्या दिवशी ती लावा. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट गेली की यूपीएस किंचाळायचा आणि धावत सेव्ह करावं लागायचं, ती धावपळ लॅपटॉपनं संपवली. त्यासाठी ८० टक्के भरपूर होतात. बॅटरी गोंदानं न चिकटवता स्क्रूनं बसवलेली असेल तर उत्तमच.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस मात्र विकू नका. ते लॅपटॉपला जोडा. मान खाली घालून दहा वर्षं काम करायचं नाहीये, आणि लॅपटॉपचा कीबोर्ड जितका कमी बडवाल तितका तो टिकेल.

बजेट चाळीस हजारांच्या आत असेल तर नव्या चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा वापरलेली बिझनेस मालिका घ्या, म्हणजे डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक, लेनोवोचं थिंकपॅड. आयटी कंपन्या लीज संपली की अशी मशिनं बदलतात आणि ती मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. तिथे तीन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. बायोसमध्ये शिरून पासवर्ड मागतंय का बघा. जुन्या कंपनीचं कुलूप राहिलेलं मशीन पुढे डोकेदुखी होतं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा. आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे याची खात्री करा.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण मला ते गुण खोक्यावर हवेत, किमतीच्या शेजारी. फ्रिजवर विजेचे तारे छापता येतात तर हे का नाही? तोवर निदान आपण ग्राहकांनी दुकानात रॅमचा आणि बॅटरीचा प्रश्न विचारत राहायला हवं. दहा जणांनी विचारला की अकराव्यासाठी दुकानदार उत्तर तयार ठेवतो.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी एक राहिलंच: वॉरंटी ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती करणारी, आहे का, आणि तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून विचारा. तुमचं कुठलं मशीन किती वर्षं चाललं आणि शेवटी काय गेलं ते खाली लिहा. मॉडेल नंबरसकट लिहा, म्हणजे घेणाऱ्याला उपयोग होईल.