पक्याचं मशीन आणि चांदोरीचं नदीपात्र

वाद सुरू झाला पोलिसांवरून आणि गेला पार सातवाहनांपर्यंत, आमच्या कट्ट्याचं हे नेहमीचंच आहे.

तर झालं असं की पक्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला आणि सकाळी सकाळी नाशिक महापालिकेच्या मैदानावर कानाला हेडफोन लावून, हातात खुरपं घेऊन फिरायला लागला. कुठल्यातरी वॉकवाल्या काकांनी 112 ला फोन लावला की एक माणूस जमिनीत काहीतरी पुरतोय. पुरतोय! दोन बीट मार्शल आले, काय चाललंय विचारलं, आणि आमचा पक्या, जो सिग्नलवर पावती फाडतानाही सर सर करतो, तो म्हणे छाती काढून बोलला, "कुठल्या कलमाखाली विचारताय?" अमेरिकेतले व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलेलं. मग काय, पक्या चौकीत, मशीन चौकीत, संध्याकाळी दोघं सुटले आणि थेट कट्ट्यावर आले.

"मी काय गुन्हा केला सांगा," हे पक्याचं पहिलं वाक्य.

राहुल्या कोर्टात ज्युनियर आहे, त्याला असं काही मिळालं की चहा थंड होतो. म्हणाला, "गुन्हा नंतर बघू, आधी तू दिसत कसा होतास ते बघ. सिंहस्थ तोंडावर, सगळं खातं टेन्शनमध्ये, आणि तू हेडफोन लावून जमीन उकरतोयस. त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी येणार, नाहीतर बॉम्ब नाहीतर गुप्तधन. आणि गुप्तधनाच्या केसमध्ये त्यांनी काय काय बघितलंय, अमावस्येचा खड्डा, लिंबू, हळदकुंकू, कुठला तरी मांत्रिक. 2013 च्या जादूटोणा कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार मुद्दाम घातलेत, उगाच नाही. ते आल्यावर मशीन बंद करायचं, हेडफोन गळ्यात, साहेब नमस्कार, हा माझा छंद, ही पिशवी, उघडून बघा. पाच मिनिटात गेले असते."

पिशवी मग आम्हीच उघडून बघितली. बिअरची बुचं, गंजके खिळे, छत्रीची काडी, आणि ते जुनं ॲल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं, कडेला लाटा असलेलं, फुंकलं तर उडेल असं. बंड्या म्हणाला, एवढ्यासाठी चौकीत गेलास?

पण खरा तापला मन्या. तो त्याच मैदानावर पोरांना क्रिकेट शिकवतो. "तुझे खड्डे बघितले मी. पिचच्या बाजूला तीन ठिकाणी माती तशीच टाकून गेलास. पोरगं फिल्डिंगला पळताना पाय मुडपला तर तुझं मशीन विकून प्लास्टर करू का?" यावर पक्याकडे उत्तर नव्हतं. राहुल्याने मग रीतसर समजावलं, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतले नीट वागणारे लोक जसं करतात तसं. गवत असेल तर तीन बाजूंनीच कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्यायची, माती गवतावर न टाकता एखाद्या फडक्यावर काढायची, वस्तू निघाली की माती परत, वरून पायाने दाबायचं, आणि कचरा निघाला तर तो सोबत न्यायचा. आणि हे सगळं मालकाला विचारल्यावर. मैदानाचा मालक महापालिका, म्हणजे आधी अर्ज. "पोराटोरांचं मैदान असेल तर तिथे खणूच नये, परवानगी मिळाली तरी," हे मन्याचं, आणि मला ते पटतं.

इथे विषय संपला असता. पण पक्याने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, मैदान सोडा, माझा खरा प्लॅन मे महिन्यातला आहे. चांदोरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी देवळं आहेत, एरवी पाण्यात असतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडतात, लोक फोटो काढायला जातात. पक्याचं म्हणणं, शेकडो वर्षं लोकांनी तिथे नदीत पैसे टाकले असणार, रामकुंडावर पोरं चुंबक दोरीला बांधून नाणी काढतात त्यांना कोण काही बोलतं का, सराफ बाजारात झारेकरी गटारातली माती धुऊन सोनं काढत आले त्यांना कोण काही बोललं का, मग मी मशीन फिरवलं तर काय बिघडलं.

तात्या इतका वेळ पेपरात होते. तात्या म्हणजे रिटायर्ड तलाठी, आयुष्य निफाड तालुक्यात गेलेलं. त्यांनी पेपर खाली केला. "प्रकाश, नदीचं पात्र कोणाचं?"

"कोणाचंच नाही."

"सरकारचं. महसूल संहिता, कलम 20. पात्रात फावडं घेऊन दिसलास ना, तर गुप्तधन वगैरे लांबची गोष्ट, गावातला पोलीस पाटील तुला वाळूचोर म्हणूनच धरेल. मी असतो तर आधी पंचनामा केला असता आणि मग नाव विचारलं असतं."

मग त्यांनी 1878 चा गुप्तधनाचा कायदा काढला, इंग्रजांचा, अजून चालू. जमिनीत दडलेलं काहीही, किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी, आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची नाहीतर ती मागाल तेव्हा हजर करू असा जामीन द्यायचा. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद.

"दहा रुपये? दहा रुपयात कटिंग येतो," बंड्या.

"बारा झाले," टपरीवरून आवाज.

राहुल्या पुढचं सांगायला लागला की कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो, कोणी हक्क सांगायला येतंय का बघतो, शंभर वर्षांच्या आत कोणी पुरलेलं असेल असं वाटलं तर तो माणूस दिवाणी कोर्टात जाऊ शकतो. कोणीच मालक नाही ठरला तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. एवढं ऐकल्यावर पक्या उभाच राहिला, "म्हणजे पाऊण माझं!" राहुल्या म्हणाला, बस. सरकारला वाटलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग तुझ्या हातावर ठेवून ते सगळं घेऊ शकतं. म्हणजे चांदीच्या नाण्याला चांदीचा भाव आणि वर वीस टक्के, बाजारात त्या नाण्याला संग्राहक काय देतो त्याचा संबंध नाही. आणि नदीत वाहिलेला पैसा 'दडवलेला' धरायचा का, यावर दोन वकील तीन मतं देतील, ते वेगळंच.

आता पक्याचं उत्तर ऐका, कारण ते मला सगळ्यात खरं वाटलं. "म्हणजे मी प्रामाणिकपणे नाणं घेऊन गेलो तर आधी चौकी, मग तहसील, मग साहेब मीटिंगला आहेत, मग 'अजून काय काय सापडलं, बाकीचं कुठे लपवलं?' आणि जो रात्री खणून गुपचूप विकतो त्याला काही नाही. तुम्ही शिष्टाचार मलाच शिकवताय. इंग्लंडमध्ये माझा मावसभाऊ रीडिंगला आहे, तिकडे प्रत्येक भागात एक माणूस नेमलेला असतो, त्याला वस्तू दाखवायची, तो फोटो काढतो, नोंद करतो, कायद्याच्या हिशोबात 'खजिना' ठरत नसेल तर बहुतेक वेळा परत देतो. इथे असा एक माणूस दाखवा."

कोणी बोललं नाही, कारण असा माणूस दाखवता येत नाही.

बोलली सायली. तिने पुरातत्त्वात एमए केलंय, उत्खननावर उन्हात बसून मातीचे थर खरवडलेत. म्हणाली, "इंग्लंड काढलंस ना, तर हॉक्सनचं पण सांग. 1992, सफोक. शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून त्याचा मित्र मशीन घेऊन शोधायला गेला आणि रोमन नाणी लागली. जमीन कौन्सिलची, म्हणजे सरकारीच. त्याने थोडं काढलं आणि थांबला. थांबला, हे महत्त्वाचं. कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले, म्हणून पेटीत काय कसं रचलं होतं ते कळलं. जवळजवळ पंधरा हजार नाणी. बक्षीस साडेसतरा लाख पौंड, आणि तो हातोडा पण ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच देशात हेरफर्डशायरला दोघांनी 2015 ला व्हायकिंग काळातला खजिना दाबला, नाणी परस्पर विकली, 2019 ला एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ."

"तिकडचं सोड," पक्या.

"बरं, इकडचं. जोगलटेंभी, चांदोरीपासून लांब नाही. 1906 ला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांच्या वर. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले, नहपानाच्या तोंडावरच, डोंगरासारखं चैत्याचं चिन्ह आणि उलट्या बाजूला उज्जैनचं. पराभूत राजाचं नाणं वितळवलं पण नाही, त्याच्यावरच ठप्पा. हे कशामुळे कळलं? साठा एकत्र होता म्हणून. दहा पक्यांनी मूठ मूठ नेली असती तर जुन्या बाजारात ठप्पा मारलेली दोनचार नाणी दिसली असती आणि लोक म्हणाले असते, खराब झालंय, भाव कमी कर."

पक्या जरा गप्प झाला, पण हरला नाही. "आणि दायमाबाद? ते तर शेतकऱ्यालाच सापडलं."

हे मात्र त्याने अभ्यास करून आणलेलं. 1974, प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना काशाचा बैलरथ, हत्ती, गेंडा, रेडा निघाले. सायली म्हणाली, "हो, आणि म्हणूनच त्यांच्या काळावर अजून वाद आहे. पुढे तिथे नीट उत्खनन झालं, पण त्या चार वस्तू नेमक्या कुठल्या थरात होत्या हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. त्या माणसाची चूक नाही, तो मूळ काढत होता. तू मात्र ठरवून जाणारेस."

"पण तो खणला नसता तर तुम्हाला कधीच मिळालं नसतं!"

"ते पण खरं," ती म्हणाली. सायलीचं मला हे आवडतं, खरं असेल तर ऐकून घेते.

बंड्याने मग असीरगड काढला, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचा किल्ला. मार्च 2025 मध्ये एक सिनेमा गाजला आणि मुघलांचं सोनं पुरलंय म्हणून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरायला लागले. ज्यांची शेतं होती त्यांना कोणी विचारलं? पक्याने हळूच "मग रामशेज..." एवढंच म्हटलं आणि सगळे एकदम अंगावर गेले, तो भाग लिहीत नाही. किल्ल्यावर मशीन न्यायचंच नाही. राखीव जंगल असेल तर नुसती जमीन उकरणं हाच 1927 च्या वन कायद्यात गुन्हा आहे, संरक्षित स्मारक असेल तर आणखी भानगड, आणि साल्हेर तर आता युनेस्कोच्या यादीत आहे.

माझं म्हणाल तर मी पक्याच्या तक्रारीच्या बाजूने आहे आणि त्याच्या प्लॅनच्या विरोधात. दहा रुपयांची मर्यादा आणि वर वीस टक्के हे ठेवून लोक स्वतःहून येतील ही अपेक्षाच चुकीची आहे, जिल्ह्याला एक तरी टेबल पाहिजे जिथे माणूस नाणं घेऊन गेला तर त्याला आधी खुर्ची मिळेल. पण ते टेबल नाही म्हणून चांदोरीच्या देवळांच्या पायाशी खुरपं घालायचं, हे काही पटत नाही.

शेवटी तोडगा तात्यांनी काढला. पक्याच्या मामाची निफाडला जमीन आहे, रोटाव्हेटरची पिन शेतात कुठेतरी पडलीय, ती शोध. द्राक्षबागेत नको, तिथे तारा आणि अँगल एवढे की मशीन नुसतं बोंबलत बसेल, कांदा काढलेल्या वावरात जा. मामाचं लेखी घे. आणि पिनेऐवजी दुसरंच काही लागलं तर हात लावू नको, जागेवर काठी रोव, फोटो काढ आणि आधी मला फोन कर, तहसीलला मी येतो सोबत.

पक्याने तिथल्या तिथे मामाला फोन लावला, स्पीकरवर. मामा म्हणाले, "ये की. पण ड्रिपची नळी तुटली तर तुझ्याकडून घेईन."