घरबसल्या नाटक बघायची सोपी रीत

सगळ्यात आधी घरातल्या सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी भंगारवाल्याला देऊन टाका. जागा अडवतात, धूळ खातात, आणि आल्यागेल्याला वाटतं हा माणूस अजून १९९८ मध्येच राहतो. मी दिल्या. लॉकडाऊन उठल्याउठल्या दोन पिशव्या भरून दिल्या, वर 'आता काय, सगळं ऑनलाइन आहे' असं त्या भंगारवाल्यालाच ऐकवलं. तो काही बोलला नाही. त्याने वजन केलं.

मग स्मार्ट टीव्ही घ्या. साधा घेऊ नका. साधा टीव्ही बिघडेपर्यंत चालतो, ही त्याची फार मोठी खोड आहे. स्मार्ट टीव्ही न बिघडताही बंद पडू शकतो. आमचा २०१७ चा. चित्र झक्क, आवाज खणखणीत, काचेवर ओरखडा नाही. परवा ५ नोव्हेंबरला आई (वय ८४) म्हणाली, "नाट्यगृहाच्या पायऱ्या काही मला चढवत नाहीत. घरीच एखादं जुनं संगीत नाटक लाव." मागणी रास्त होती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, ज्या दिवसाचा मान म्हणून सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो, त्याच सांगलीत त्याच दिवशी एका म्हातारीला विश्रामबागेतल्या आपल्या घरच्या हॉलमध्ये बसून नाटक बघायला मिळू नये?

नाही मिळालं. टीव्ही म्हणाला, 'या उपकरणावर हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही.'

दुरुस्तीवाल्याला बोलवा. मी बोलावला. त्याने मागची झाकणी उघडली, मीटर लावला, झाकणी मिटली. "काका, ह्यात काय बी बिघडलेलं न्हाई. पॅनेल टकाटक हाय. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर द्यायचं सोडून दिलंय." दोनशे रुपये घेतले. हे निदान करायला दोनशे स्वस्त आहेत.

आता टीव्हीच्या मागे खुपसायची ती काडी मागवा, म्हणजे जुन्या टीव्हीवर नवी अ‍ॅप चालवणारी स्टिक. मुलाने पुण्याहून पाठवली. काडी लावली की खात्याचा पासवर्ड टाकायचा, तो रिमोटच्या बाणाने. एकेक अक्षर शोधत जायचं, पुढे गेलं की मागे यायचं, मोठी लिपी वेगळ्या पानावर, आकडे तिसऱ्याच पानावर. पासवर्ड चुकला. परत. बरोबर आला तर ओटीपी, आणि तो जाणार मुलाच्या फोनवर, कारण खातं त्याचं. मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. त्याने पाठवला तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो टाकला, तर काय निरोप यावा? 'हा टीव्ही तुमच्या घरातला नाही.' अहो, घरपट्टी माझ्या नावावर! लाइटबिल माझ्या नावावर! या हॉलमध्ये मुलाचं बारसं झालं, आणि कुठल्यातरी परदेशातला संगणक मला सांगणार की हे त्याचं घर नाही? दोन दिवस गेले. अखेर माझ्या नावाने वेगळं खातं काढलं, वर्षाचे पैसे भरले, अ‍ॅप उघडलं, नाटकाचं नाव सापडलं, बटण दाबलं. 'हा कार्यक्रम सध्या उपलब्ध नाही.'

तक्रार करा. चॅटवर एक यंत्र भेटेल. त्याला तुमची गैरसोय समजते.

मधल्या काळात फावल्या वेळेच्या काही युक्त्या. रिमोट चालेना तर सेल काढून उलटसुलट घालावेत, मग रिमोटला चापट मारावी. ड्रॉवरमधल्या अकरा चार्जरांपैकी एकही कशाला बसत नाही, याची वर्षातून एकदा खात्री करून घ्यावी. लग्नाची व्हिडिओ कॅसेट जिवापाड जपावी. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे तुमचं लग्न आता कोणी बघू शकत नाही, आणि कित्येक संसारांना हे मानवतं. अमेरिकेतल्या मेहुण्याने डीव्हीडी आणली तर हसून घ्यावी. डीव्हीडीला जगाच्या विभागांप्रमाणे कुलूप असतं; ती विभाग १ ची असते, आपला प्लेअर विभाग ५ चा.

तर नाटक. गावभागातल्या जुन्या घरी माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला. त्यातल्या चकत्या २०१९ च्या महापुरात भिजलेल्या. त्या ऑगस्टात कृष्णामाई खालच्या खोलीत शिरली, पाणी ओसरल्यावर मीच गाळातून त्या वेचल्या होत्या, बादलीत साबणाचं पाणी करून धुतल्या होत्या, आणि मग साफ विसरलो होतो, म्हणून भंगारातून वाचल्या. वरचे कागद गेले होते. त्यात आईचं नाटक होतं, व्हीसीडी. शेजारच्या काकूंकडे डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर सध्या फुलदाणी असते. फुलदाणी उचलली, चकती घातली. लागलं! ओटीपी नाही, घर कुणाचं ते विचारणं नाही.

आता सरळ बोलतो, उपरोध पुरे झाला. आठवडाभर गाळात पडलेली चकती चालते आणि गेल्या आठवड्यात पैसे भरलेलं नाटक चालत नाही, याला काय म्हणायचं? दर महिन्याला पैसे कापायच्या २४ तास आधी निरोप येतो, कारण रिझर्व्ह बँकेने तसा नियम केलाय. अ‍ॅपवरून नाटक काढून टाकताना का नाही कळवत? तिथे नियम नाही म्हणून? 'विकत घ्या' असं बटण लावून नुसता बघायचा परवाना देत असाल तर तसं स्वच्छ लिहा, एवढं सांगायला कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा करावा लागला. लाज वाटायला हवी होती, कायदा कशाला लागतो? चालू टीव्ही मारायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझ्या पैशाचा आहे तो!

आणि आपण तरी कोण मोठे शहाणे? दोन पिशव्या भरून मीच दिल्या ना. माझ्या बापाने पगारातून पैसे वाचवून, हरभट रोडवरून एकेक करून आणलेल्या. तुम्हीही दिल्या असतील. उरल्यासुरल्या देऊ नका, कळलं का?

व्हीसीडीत एका चकतीवर जेमतेम ७४ मिनिटं मावतात. नायिका पदाची पहिली ओळ घेते आणि चकती संपते. आई म्हणाली, "पुढची लाव की."

पुढची दुसऱ्या पिशवीत होती.